नासक हिरा: त्र्यंबकेश्वर ते न्यूयॉर्क, आणि वाटेत आपली आष्टी

मोहोळच्या एका ताईंनी एका दमात बरेच प्रश्न विचारलेत. मोबाईलवर आलेल्या एका व्हिडिओत त्यांनी ऐकलं, की त्र्यंबकेश्वराच्या मूर्तीचा डोळा असलेला ‘नासक’ नावाचा हिरा इंग्रजांनी पळवला आणि पुढे तो ज्याच्या घरात गेला त्याचं वाटोळं झालं. गावातली जुनी मंडळी त्यात भर घालतात, की पेशव्यांचं जवाहीर आष्टीच्या लढाईतच गहाळ झालं आणि आष्टीच्या तलावात अजून पडून आहे. यातलं खरं किती? शिवाय घरचा एक प्रश्न. आजेसासूबाईंच्या हिऱ्याच्या कुड्या आहेत, ‘पेशवाईतल्या’ म्हणून सांगतात. त्यातल्या हिऱ्यांना नव्याने पैलू पाडून मुलीच्या लग्नात अंगठी करावी का?

मी सोलापूरच्या सराफ कट्ट्यावर आयुष्यभर खडे पारखले. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण दगडाची हकिकत त्याच्या वजनावरून आणि पैलूंवरून बरीच तपासता येते, आणि नासकच्या बाबतीत तर वजनच सगळ्यात जास्त बोलतं. आधी थोडक्यात सांगून टाकतो. हिरा खरा आहे. 1818 च्या युद्धात तो मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेला, हेही खरं. तो मूर्तीचा डोळा होता हे मला पटत नाही. शापाची गोष्ट दुकानदारांची. तलावात काहीही नाही. आणि कुड्यांना पुढचं वाचून होईपर्यंत हात लावू नका.

डोळ्याच्या गोष्टीपासून सुरुवात करू, कारण तीच सगळ्यात जास्त चालते. ज्यांनी त्र्यंबकेश्वरी जाऊन दर्शन घेतलंय, त्यांनी क्षणभर गाभारा आठवावा. तिथे डोळे असलेली मूर्तीच नाही. ते ज्योतिर्लिंग आहे, आणि तेही इतर ठिकाणांसारखं वर आलेलं नाही. शाळुंकेत खोलगट जागा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लहान लिंगं, ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणून पुजली जातात. त्यांना डोळा बसवणार कुठे? यावर एक हुशार आक्षेप येतो: देवाला मुखवटा चढवतात, मुखवट्याला डोळे असतात. असतात ना. पण मुखवट्याच्या डोळ्यांना जोडी लागते, सारख्या घाटाची, सारख्या रंगाची. नासक लंडनला पोहोचला तेव्हा तो काहीसा पेराच्या आकाराचा, ओबडधोबड पैलूंचा, जवळजवळ 90 कॅरेटचा एकटा दगड होता. त्याचा जोडीदार कोणी कधी पाहिला नाही. असा दगड आपल्याकडचा कारागीर शिरपेचात, तुऱ्यात, मुकुटाच्या मधोमध किंवा कंठ्याच्या पदकात बसवील. देवाच्या अलंकारात तो कधी असलाच तर तिथे असेल. डोळ्यात नव्हे.

दुसरी गफलत तारखांची. ‘हा हिरा 1500 सालापासून 1817 पर्यंत त्र्यंबकेश्वराच्या देवळात होता’ असं वाक्य ठिकठिकाणी छापलेलं सापडतं. आज आपण काळ्या दगडाचं जे देऊळ पाहतो ते नानासाहेब पेशव्यांनी 1755 च्या सुमारास बांधायला घेतलं आणि 1786 मध्ये पुरं झालं. त्याआधीच्या देवळावर मोगलाईत घाला पडला होता. मधल्या त्या धामधुमीत इतका मोठा हिरा तीनशे वर्षं एका जागी, एका देवापाशी, विनाखंड राहिला, हे मानायला माझ्यातला पारखी तयार नाही. पेशव्यांची त्र्यंबकेश्वरावर भक्ती होती, देणग्या होत्या, नाशिकला वाडे होते. हिरा पेशव्यांच्या जवाहिरात होता, एवढं मात्र पुढच्या घटनांवरून धरता येतं. देवाचा आणि पेशव्यांचा संबंध जवळचा, त्यामुळे एकाची वस्तू दुसऱ्याच्या नावावर चढायला वेळ लागत नाही.

मग डोळा आला कुठून? माझ्या मते तो लंडनच्या बाजारात घडला. हिंदुस्थानातून आलेल्या मोठ्या हिऱ्यांना युरोपात हीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा चिकटवलेली दिसते. मॉस्कोच्या क्रेमलिनमधल्या ऑर्लोव्ह हिऱ्याबद्दल सांगतात, की तो श्रीरंगमच्या देवाचा डोळा होता आणि एका पळपुट्या फ्रेंच शिपायाने तो काढून नेला. काळ्या ऑर्लोव्हबद्दल सांगतात, की तो ब्रह्मदेवाचा डोळा. आणि ‘आयडॉल्स आय’ या नावाचा तर 70.21 कॅरेटचा एक वेगळाच हिरा आहे, जो 1865 मध्ये लंडनला ख्रिस्टीजच्या लिलावात विकला गेला. नासकलाही इंग्रजीत हेच टोपणनाव लावतात. व्हिडिओ करणारे दोघांची सरमिसळ करतात आणि एकाचं चित्र दाखवून दुसऱ्याची गोष्ट सांगतात. मला आलेल्या व्हिडिओतही तेच होतं: चित्रातला दगड निळसर झाक असलेला, नासक नव्हेच.

या गोष्टीचा मला राग येतो तो भाबडेपणामुळे नाही. मूर्तीचा डोळा कोणी भुरट्या शिपायाने उपटला असं म्हटलं, की सगळा प्रकार एका माणसाच्या चोरीचा होऊन बसतो. नासक गेला तो सरकारी कारभारातून. पावत्या फाडून, हिशोब ठेवून आणि वाटे घालून. ती हकिकत जास्त बोचरी आहे, आणि तिचा एक तुकडा आपल्या जिल्ह्यात पडलेला आहे.

त्याआधी हिरा जमिनीतून कुठे निघाला, हे दोन वाक्यांत. ब्राझीलमध्ये 1720 च्या दशकात हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा पुरवायचा तो मुख्यतः हिंदुस्थानने, आणि त्यातही कृष्णेच्या खोऱ्यातल्या, गोवळकोंड्याच्या अमलाखालच्या खाणींनी. यातली कोल्लूरची खाण सगळ्यात नावाजलेली. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहीर व्यापारी ताव्हर्निये तिथे गेला होता आणि साठ हजार माणसं कामाला असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. आपल्या पंढरपूरची चंद्रभागा पुढे भीमा म्हणून कृष्णेला मिळते, आणि ते पाणी कोल्लूरवरूनच समुद्राकडे जातं. म्हणजे आपण अगदीच परके नाही. नासक कोल्लूरचाच, असं सर्रास लिहितात. मोठा हिंदुस्थानी हिरा दिसला की कोल्लूरचं नाव द्यायचं, ही जुनी सवय आहे. कृष्णाकाठचा म्हणावं, तेवढं पुरे.

आता 1817-18. बाजीराव दुसरा खडकीच्या लढाईनंतर (5 नोव्हेंबर 1817) पुण्याहून निघाला तो जवळजवळ सात महिने पळतच होता. पाठीमागे इंग्रजांच्या तुकड्या, पुढे रोज नवी वाट. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह आणि त्यांचं कुटुंब पेशव्याच्या गोटात, काहीसं मनाविरुद्धच. 20 फेब्रुवारी 1818 ला जनरल स्मिथच्या घोडदळाने पेशव्याला आपल्या जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला गाठलं. पेशव्याचे सेनापती बापू गोखले थांबून लढले आणि तिथेच पडले. बाजीराव निसटला. छत्रपती आणि त्यांची मंडळी इंग्रजांच्या हाती लागली. पेशवाईचा निकाल खऱ्या अर्थाने तिथे लागला, असं मी मानतो. कोरेगावची नोंद सगळ्यांना ठाऊक असते आणि आष्टीजवळून एसटीने जाणारे आपलेच लोक खिडकीतून बघतही नाहीत, ही आपली खोड.

तलावात खजिना असल्याची गोष्ट मात्र सोडून द्या. आष्टीचा तलाव इंग्रजी अमदानीतला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. 1818 मध्ये तिथे तलावच नव्हता, तर त्यात काही टाकणार कोण? आणि पळणारा राजा आपलं जवाहीर एका ठिकाणी ठेवत नाही. काही बरोबर असतं, काही विश्वासू सरदारांकडे, काही किल्ल्यांवर, काही सावकारांच्या तळघरात. बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई रायगडावर होत्या, तो गड 10 मे ला पडला. तोफखान्याचे पानसे पायदळ आणि तोफा घेऊन सोलापुरात होते. जनरल मन्रोने त्याच सुमारास आधी पेठ घेतली आणि 15 मे ला आपला भुईकोट त्याच्या स्वाधीन झाला. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठच्या ज्या बुरुजाखालून आपण गड्ड्याच्या यात्रेत मुलांना फिरवतो, तो शेवटच्या पंधरवड्यात पेशव्यांच्या उरल्यासुरल्या फौजेचा आसरा होता.

नासकशी ज्याचं नाव जोडलं जातं तो इंग्रज अधिकारी जॉन ब्रिग्ज मात्र उत्तरेकडे होता. एप्रिलअखेर त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांनी घेतला, नाशिकचा मुलूख त्यांच्याकडे आला, आणि खानदेशाचा कारभार ब्रिग्जकडे गेला. तेव्हा तो कॅप्टन होता. पुढे फेरिश्त्याच्या फारसी इतिहासाचं त्याने इंग्रजी भाषांतर केलं, म्हणजे वाचणारा-लिहिणारा गडी. गोष्टीत असं सांगतात, की युद्धाच्या अखेरच्या दिवशी बाजीरावाने स्वतःच्या हाताने हिरा कर्नल ब्रिग्जला दिला. चित्र छान आहे, पण जुळत नाही. बाजीराव 3 जून 1818 ला शरण आला तो असीरगडच्या बाजूला, सर जॉन माल्कमपुढे. आठ लाखांचं सालीना पेन्शन घेऊन तो ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला गेला. हिरा ब्रिग्जकडून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे आणि तिथून कंपनीकडे गेला, असाच सगळीकडे उल्लेख आहे आणि तो बरोबर वाटतो. तो ब्रिग्जकडे ‘नजराणा’ म्हणून आला नाही. नाशिक-खानदेशाची जप्ती करणारा अधिकारी म्हणून आला, असंच मी धरतो. लंडनमध्ये दगडाला ‘नासक’ हे नाव लागलं, म्हणजे नाशिकचंच, तेही याच बाजूला बोट दाखवतं.

युद्धात मिळालेल्या मालाला इंग्रज ‘प्राइझ’ म्हणायचे. हा माल कोणा एकाचा नसतो. तो विकायचा आणि पैसा हुद्द्याप्रमाणे फौजेत वाटायचा. दख्खनच्या या लुटीवर दोन फौजांनी हक्क सांगितला: हेस्टिंग्जच्या मोठ्या फौजेने आणि सर टॉमस हिस्लॉपच्या दख्खन फौजेने. भांडण लंडनच्या सरकारी खजिन्यापर्यंत गेलं. लुटीचे विश्वस्त म्हणून नेमले कोण? वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि चार्ल्स आर्बथनॉट. वाटपाला वर्षानुवर्षं लागली. ज्या शिपायांनी आष्टीला घोडी फेकली होती, त्यातल्या किती जणांच्या हातात जिवंतपणी काही पडलं, देव जाणे.

याच लुटीतून निघालेला एक खटला आपल्या लोकांनी जरूर माहीत करून घ्यावा. पेशव्यांचे खजिनदार नारो गोविंद औटी यांचा पुण्यातला पैसा इंग्रज अधिकाऱ्याने जप्त केला. औटींच्या बाजूने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा झाला आणि ते जिंकले! मग प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे अपिलाच्या वरच्या कोर्टाकडे गेलं आणि 1830 मध्ये निकाल उलटला. म्हणणं एवढंच, की ही युद्धातली जप्ती आहे आणि तिच्यात दिवाणी कोर्टाने लक्ष घालायचं कारण नाही. या एका वाक्याने पेशव्यांच्या सगळ्या जवाहिरावर कुलूप पडलं, नासकसकट. आज कोणी ‘आपण कोर्टात का गेलो नाही’ असं विचारतं तेव्हा मी हा खटला सांगतो. गेलो होतो. त्यांच्याच कोर्टात एकदा जिंकलोही होतो.

आता माझ्या धंद्याचा भाग. लंडनला रंडेल अँड ब्रिज ही राजघराण्याची जवाहीर पेढी होती. नासक तिने घेतला. त्यांच्यापुढे आलेला दगड स्वच्छ होता, पण घाट बेढब आणि लखलखाट कमी. हे वर्णन वाचून आपल्याकडे कोणी ‘आपल्या कारागिरांना येत नव्हतं’ असं म्हणू लागला तर मी त्याला बसवून समजावतो. हिंदुस्थानी पैलूकाराचं गणितच वेगळं होतं. त्याला वजन राखायचं होतं. निसर्गाने दिलेला आकार धरून, दोष असेल तिथे एखादा पैलू मारून, बाकी दगडाला शक्य तितका कमी हात लावायचा. आपल्या रत्नपरीक्षेत आधी पाणी पाहतात, मग बिंदू, रेखा, काकपद असे दोष. आत शिरलेला उजेड तळातून उलटवून डोळ्यात फेकणं हे युरोपच्या ‘ब्रिलियंट’ पैलूंचं ध्येय, मेणबत्त्यांच्या झुंबराखाली नाचणाऱ्यांचं. आपल्याकडे हिरा उन्हात, हत्तीवर, दरबारात बघायचा असे. दोन्ही शहाणपणंच. पण एकाच्या बाजारात दुसऱ्याचा माल आला की कापला जातो.

रंडेलच्या कारागिराने मात्र आब राखला. जुन्या पैलूंच्या रेषा धरून दगड सुधारला. 89.75 कॅरेटचा 78.625 झाला, म्हणजे साधारण आठवा हिस्सा गेला. हे किती जपून केलेलं काम आहे हे कळायचं असेल तर कोहिनूर आठवा. 1852 मध्ये त्याला ब्रिलियंट करताना जुन्या 186 कॅरेटचा आजच्या मापाने 105.6 उरला. म्हणजे चार आणे नाही, सात आण्यांच्या आसपास दगड चरकावर धूळ होऊन गेला. प्रिन्स अल्बर्टलाही तो निकाल आवडला नाही.

इथे मापाचा एक गोंधळ सोडवून टाकतो, कारण त्यावरून मला नेहमी विचारणा होते. काही ठिकाणी नासक 78.625 कॅरेटचा दिसतो आणि नंतर अमेरिकेत 80.59 कॅरेटचा. हिरा वाढला का? नाही. जुना इंग्रजी कॅरेट 205 मिलिग्रॅमच्या आसपास होता. आजचा मेट्रिक कॅरेट बरोबर 200 मिलिग्रॅम, आणि तो अमेरिकेत 1913 ला, इंग्लंडात 1914 ला लागू झाला. तोच दगड, काटा बदलला. याच हिशोबाने नाशिकहून निघालेला नासक आजच्या मापात सुमारे 92 कॅरेट, म्हणजे 18 ग्रॅमच्या वर, दीड तोळ्याहून जास्त भरतो. आपल्याकडे रतीचा घोळ याहून मोठा आहे. ज्योतिषाची रती वेगळी, सराफाची वेगळी, गावागावाची वेगळी. खडा घेताना चिठ्ठीवर कॅरेट लिहून मागा.

पुढे 1837 मध्ये नासक मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर या बड्या उमरावाकडे गेला. त्याच खरेदीत त्याने अर्काटच्या नबाबाकडून इंग्लंडच्या राणीला गेलेली हिऱ्यांची जोडीही घेतली. नासक त्याने आपल्या दरबारी तलवारीच्या मुठीत बसवला. शिरपेचाच्या लायकीचा दगड शेवटी तलवारीच्या मुठीला लागला, म्हणजे निदान मर्दानी दागिना तरी राहिला, असं आमचे एक जुने सराफ हसून म्हणायचे. नव्वदेक वर्षं तो त्या घराण्यात होता. फारसं काही घडलं नाही. शापवाल्यांनी ही नव्वद वर्षं नीट वाचावीत: घराणं बुडालं नाही, उलट इंग्लंडातल्या सगळ्यात श्रीमंत घराण्यांपैकी एक झालं आणि मार्क्विसचे ड्यूक झाले.

1927 मध्ये पॅरिसचे जव्हेरी मोबुसाँ यांनी तो अमेरिकेत आणला आणि एक मजेदार तंटा झाला. अमेरिकेच्या कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तूंवर जकात माफ होती. नासक जुना, ऐतिहासिक, म्हणून माफीत सोडला. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने हरकत घेतली. अपिलात कोर्टाने ठरवलं, की ही पुरातन कलावस्तू नाही, दागिन्यात बसवता येईल असा पैलू पाडलेला हिरा आहे, जकात भरा. कायद्याने बरोबर असेल. पण मला त्यात एक खोच दिसते. ज्या क्षणी एखाद्या दगडाला ‘माल’ ठरवलं, त्या क्षणी तो कापायला मोकळा झाला.

आणि तसंच झालं. 1940 मध्ये न्यूयॉर्कचे हॅरी विन्स्टन यांनी नासक पॅरिसला घेतला आणि एमराल्ड कटमध्ये, म्हणजे कोपरे छाटलेल्या चौकटी, पायऱ्यापायऱ्यांच्या पैलूंत नव्याने घडवला. 80.59 चा 43.38 कॅरेट उरला. नाशिकहून निघालेल्या दगडाचा निम्म्याहून कमी. आज जो नासक आहे तो अतिशय देखणा, निर्दोष मानला गेलेला दगड आहे, यात वाद नाही. विन्स्टनच्या जागी मी असतो तर कदाचित मीही बाजार पाहिला असता. पण बापू गोखल्यांच्या काळातल्या माणसाला तो दाखवला असता तर त्याने ओळखला नसता. रंडेलच्या कारागिराने जपलेली जुन्या पैलूकाराची शेवटची रेषही त्या कामात गेली.

उरलेली हकिकत पटकन सांगतो. 1942 मध्ये विन्स्टनने तो न्यूयॉर्कच्या एका पेढीला विकला. 1944 मध्ये मिसेस विल्यम लीड्स यांना तो लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळाला आणि त्यांनी अंगठीत घातला. 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ट्रक वाहतुकीचा धंदा करणाऱ्या एडवर्ड हँड यांनी पाच लाख डॉलरला घेतला. पुढे तो लेबनॉनचे जव्हेरी रॉबर्ट मुआवाद यांच्या संग्रहात गेला.

शाप कुठे आहे यात? कुठेच नाही. शापाची फॅशन ‘होप’ नावाच्या निळ्या हिऱ्याने आणली. 1911 च्या सुमारास पियेर कार्तिए एका धनाढ्य अमेरिकन बाईंना होप विकत होता तेव्हा त्याने अपशकुनाच्या कथा रंगवून सांगितल्या, कारण गिऱ्हाईक असल्या गोष्टींवर भाळणारं आहे हे त्याने हेरलं होतं. तोच होप पुढे याच हॅरी विन्स्टनकडे आला आणि 1958 मध्ये त्याने तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देऊन टाकला. पाठवला कसा? साध्या रजिस्टर पोस्टाने. शापाची भीती असती तर टपाल खात्याने हात लावला असता का?

हिरा परत मिळावा अशी मागणी नाशिककडून अधूनमधून होते. भावना रास्त आहे. पण कोहिनूरसारखा तो सरकारी ताब्यात नाही, अनेक रीतसर विक्र्यांनंतर खासगी हातात आहे, आणि मूळ जप्तीला त्या काळच्या वरच्या कोर्टाचं संरक्षण आहे. त्यामुळे वाट कायद्यापेक्षा खरेदीची किंवा देणगीची आहे. मागणी करणाऱ्यांनी निदान ‘देवाचा डोळा’ हे शब्द अर्जातून काढावेत, एवढीच माझी सूचना. समोरचा वकील पहिल्याच दिवशी गाभाऱ्याचा फोटो पुढे ठेवील.

आता ताईंच्या कुड्या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत हिरे बंद कोंदणात दिसताहेत, म्हणजे मागून सोनं बंद आहे. अशा कोंदणात खाली बहुधा डांक असते, चकाकी वाढवणारी पातळ पत्री. डांक काळवंडली की हिरा मेल्यासारखा दिसतो आणि घरची माणसं म्हणतात, ‘पाणी गेलं, पैलू पाडून घेऊ.’ हिऱ्याचं पाणी जात नसतं. कुड्या गरम पाण्यात किंवा साबणाच्या फेसात बुडवू नका, पाणी आत शिरलं की डांक संपलीच. मऊ कोरड्या कपड्याने पुसा, बस्स.

‘पेशवाईतल्या’ म्हणजे काय, हे कोणी छातीठोक सांगत असेल तर सावध राहा. घडणीवरून, कोंदणाच्या धाटणीवरून, सोन्याच्या कसावरून अंदाज बांधता येतो. अशा कुड्या एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही तशाच घडत राहिल्या. ‘गोवळकोंडा’ शब्दाचंही तेच. प्रयोगशाळा फार तर सांगेल, की हिरा टाइप टू-ए जातीचा आहे, म्हणजे त्यात नायट्रोजन जवळजवळ नाही. कृष्णाकाठचे पुष्कळ नामांकित हिरे त्या जातीचे आहेत. पण दक्षिण आफ्रिकेत 1905 मध्ये निघालेला कलिननही त्याच जातीचा आहे. खाणीचं गाव कोणतंही यंत्र छापून देत नाही.

पैलू नव्याने पाडावेत का? माझं मत: नाही. कुडीतले जुने हिरे सहसा चपटे असतात. त्यांना आजच्या गोल ब्रिलियंटमध्ये बसवायचं तर खोली हवी, ती त्यांच्यात नाही. म्हणजे आकार मोठा कमी करावा लागणार. एका जोडीचे दोन हिरे कापले की जोडही तुटते. शेवटी हातात येईल तो लहानसा, साधारण दर्जाचा नवा हिरा, जो कुठल्याही दुकानात मिळतो. आणि जुन्या घडणीला आज जाणकार गिऱ्हाईक वेगळे पैसे मोजतं, ती किंमत त्याच दिवशी शून्य होते. मुलीला अंगठीच हवी असेल तर नवा हिरा घ्या, कुड्या तशाच द्या. फार तर फिरकी बदलून द्या, जुनी झिजलेली असते आणि कानातून पडायचं खरं भय तिथे असतं.

त्याआधी एक काम करा. सोलापुरात एखाद्या भरवशाच्या जुन्या सराफाकडून कुड्यांचं एकूण वजन करून, दोन्ही बाजूंनी फोटो काढून, कागदावर नोंद घ्या आणि तुमच्यासमोरच परत घ्या. दुकानात ठेवून येऊ नका. हिरे आहेत की दुसरं काही, याची प्राथमिक खात्री बंद कोंदणातही अनुभवी माणूस भिंगाखाली करून देतो. प्रमाणपत्रच हवं असेल तर मुंबईतल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जावं लागेल. पूर्ण तपासणीसाठी तिथे खडा सुटा लागतो, म्हणजे कोंदण उघडावं लागेल. ते काम कुंदन जडवणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्या, साध्या रिपेअरवाल्याकडून नाही. पुन्हा बसवताना डांक बदलायची असेल तर जुनीचा तुकडा वेगळा ठेवायला सांगा, घडणीचा काळ ठरवायला कधीकधी तोच उपयोगी पडतो.